अ‍ॅमेझॉनच्या जंगलातली ‘आयावास्का’ सहल : पैसे भरण्यापूर्वी रुग्णांनी काय तपासावं?

पेरू आणि ब्राझीलमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात वनौषधींची ओळख करून देणाऱ्या सहली निघतात. आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात स्थानिक वाटाड्यासोबत जंगलात फिरायचं, औषधी झाडं पाहायची आणि काही रात्री पारंपरिक वैद्यासमोर बसून ‘आयावास्का’ नावाचा काढा प्यायचा, असा साधारण कार्यक्रम असतो. नैराश्य, व्यसन, जुनं दुखणं किंवा मनावरचा आघात यातून बाहेर पडता येईल या आशेने अनेकजण तिथे जातात.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी असा बेत आखत असेल आणि कोणत्याही आजारासाठी रोजच्या गोळ्या चालू असतील, तर पुढची माहिती नक्की वाचा. हा काढा शरीरावर औषधासारखाच काम करतो. त्यामुळे इतर औषधांशी त्याचा संघर्ष होऊ शकतो आणि काही वेळा तो जिवावर बेतू शकतो.

आयावास्का म्हणजे नेमकं काय?

हा काढा प्रामुख्याने दोन वनस्पतींपासून बनतो : बॅनिस्टेरिओप्सिस कापी नावाची वेल आणि चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. दोन्ही एकत्र कित्येक तास उकळतात. पानांमध्ये डीएमटी हे भास निर्माण करणारं द्रव्य असतं. ते नुसतं तोंडाने घेतलं तर फारसा परिणाम होत नाही, कारण आतडं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याचं विघटन करतं. वेलीतली हार्मिन आणि हार्मालिन ही द्रव्यं नेमकं हेच एन्झाइम रोखतात. मग डीएमटी रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतं.

काढा प्यायल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात परिणाम सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. डोळ्यांसमोर आकृत्या दिसतात, जुन्या आठवणी उसळून येतात, रडू येतं, कधी प्रचंड भीती वाटते. उलट्या-जुलाब तर बहुतेकांना होतात. तिथल्या परंपरेत ही शरीराची शुद्धी मानली जाते.

विधी चालवणाऱ्याला स्पॅनिशमध्ये ‘कुरांदेरो’ म्हणतात. आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या भगतासारखं त्याचं गावात स्थान असतं. तो रात्रभर ‘इकारो’ नावाची गाणी म्हणतो. शिपिबोसारख्या जमातींमध्ये ही विद्या वर्षानुवर्षं पथ्य पाळून शिकली जाते. पेरूने २००८ मध्ये आयावास्काच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. त्या परंपरेबद्दल आदर ठेवूनच आपण आपल्या प्रकृतीचा विचार करायचा आहे.

याचा आजारावर उपयोग होतो का?

संशोधन सुरू आहे. ब्राझीलमध्ये उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना आयावास्काचा एक डोस आणि काहींना तसाच दिसणारा, पण औषध नसलेला काढा दिला. सात दिवसांनी आयावास्का घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा दिसली. दुसऱ्या गटात हे प्रमाण २७ टक्के होतं.

हे आशादायक आहे, पण रुग्ण फार थोडे होते. शिवाय त्यांची आधी नीट तपासणी झाली होती, नैराश्याच्या गोळ्या त्या काळात चालू नव्हत्या आणि सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. जंगलातल्या मुक्कामात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही.

‘झाडपाल्याचं आहे, त्याने काय होणार?’

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. मलेरियावरचं क्विनाइन दक्षिण अमेरिकेतल्याच सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये वेगळं काढलं गेलं. अ‍ॅमेझॉनमधले शिकारी बाणाला लावत ते क्युरारे हे विष १९४२ पासून शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरलं गेलं. वनस्पतीत ताकद असते, म्हणूनच मात्रा आणि रुग्ण पाहावा लागतो.

कोणत्या गोळ्यांसोबत धोका?

आयावास्कातली वेल जे एन्झाइम रोखते, तेच आपल्या मेंदूतल्या सेरोटोनिनचंही विघटन करतं. नैराश्य आणि चिंतेवरच्या अनेक गोळ्या सेरोटोनिन वाढवतात. दोन्ही एकत्र आले तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून ‘सेरोटोनिन सिंड्रोम’ होऊ शकतो. अस्वस्थपणा, दरदरून घाम, थरथर, स्नायू उडणं, नाडी जलद होणं ही सुरुवातीची लक्षणं. पुढे खूप ताप, झटके आणि बेशुद्धी येऊ शकते. भर विधीत ही लक्षणं काढ्याचाच परिणाम समजून दुर्लक्षित राहण्याची भीती असते.

विशेषतः ही औषधं चालू असतील तर आयावास्का घेऊ नका :

- एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन
- अ‍ॅमिट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन (यातली पहिली गोळी मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी आणि डोकेदुखीसाठीही देतात)
- लिथियम
- ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी
- डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध
- स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या

यादी याहून मोठी आहे. म्हणून तुमच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक औषधं आणि अधूनमधून घेता त्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांना दाखवा.

मग गोळ्या थोडे दिवस बंद केल्या तर?

स्वतःच्या मनाने हे कधीही करू नका. काही आयोजक दोन आठवडे आधी गोळ्या थांबवायला सांगतात. पण फ्लुओक्सेटिन शरीरातून जायला सुमारे पाच आठवडे लागू शकतात. गोळी अचानक थांबवल्यास चक्कर, झोप उडणं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. त्याहून मोठा धोका म्हणजे मूळ आजार उलटतो, आत्महत्येचे विचार परत येऊ शकतात, आणि तेव्हा तुम्ही घरच्यांपासून आणि डॉक्टरांपासून हजारो किलोमीटर दूर असता. केवळ सहलीसाठी चांगली लागू पडलेली गोळी थांबवणं बहुतेक रुग्णांच्या हिताचं नसतं.

कुणी अजिबात घेऊ नये?

- ज्यांना स्वतःला किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार आहे
- हृदयविकार, अनियमित ठोके किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेले
- फिट येणारे रुग्ण
- गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया

मधुमेहींनीही सावध राहावं. उपास, उलट्या आणि इन्सुलिन एकत्र आले की साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

काढ्यासोबत आणखी काय दिलं जातं?

काही ठिकाणी काढ्यात ‘तोए’ नावाची वनस्पती मिसळतात. ती आपल्या धोतऱ्याच्या कुळातली आहे. तिने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते आणि माणूस भ्रमात जातो. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना ती विशेष घातक. ‘कांबो’ म्हणजे बेडकाच्या अंगावरचा स्राव. त्वचेवर छोटे चटके देऊन तो लावतात आणि त्याआधी भरपूर पाणी पाजतात. रक्तातलं सोडियम घसरून झटके आल्याच्या आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत. म्हणून काढ्यात काय आहे आणि सोबत काय देणार, हे आधीच विचारा.

प्रवासाची वैद्यकीय तयारी

- पीतज्वराची लस : निघण्यापूर्वी किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. पेरू किंवा ब्राझीलहून भारतात परतताना प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. ही जिवंत विषाणूंची लस आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.
- मलेरिया : प्रतिबंधक गोळ्या लागतात. त्यातली मेफ्लोक्विन मानसिक आजार असलेल्यांना देत नाहीत, पर्याय उपलब्ध आहेत.
- दवाखान्याचं अंतर : पेरूतलं इकितोस हे अशा सहलींचं मुख्य शहर. तिथे बाहेरून रस्ता जात नाही, विमानाने किंवा नदीतूनच पोहोचावं लागतं. मुक्काम त्याहून आत असतो. रात्री कुणी बेशुद्ध पडलं तर बोट कुठे आहे आणि रुग्णालयात पोहोचायला किती तास लागतील, हे विचारा.
- देखरेख : विधीदरम्यान शुद्धीवर राहणारा, प्रथमोपचार येणारा माणूस हवा. अशा विधींमध्ये महिलांवर लैंगिक अत्याचार झाल्याच्या तक्रारी आहेत. एकटीने जाऊ नका.
- कायदा : डीएमटी भारतात अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. काढा किंवा पूड सोबत आणू नका.

आयोजक आजार आणि औषधांची माहिती विचारतच नसेल, तर तिथे जाऊ नका. विचारत असेल तर काही लपवू नका.

परतल्यावर

ताप आला तर लगेच रक्त तपासा आणि ‘अ‍ॅमेझॉनहून आलो’ हे सांगा. मलेरिया काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. घरच्यांनी लक्ष ठेवावं : अनेक रात्री झोप नसणं, अखंड बडबड, आपल्याला विशेष शक्ती मिळाल्याची खात्री, संशय, कानात आवाज येणं, किंवा खोल उदासी. याला ‘शुद्धी चालू आहे’ समजून थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

यादीतलं एखादं औषध किंवा आजार तुम्हाला लागू पडत असेल, तरी जंगल तुमच्यासाठी बंद झालेलं नाही. झाडं पाहा, तिथल्या लोकांकडून त्यांचं ज्ञान ऐका, इकारो ऐका. काढ्याचा पेला मात्र नम्रपणे नाकारा आणि तुमची रोजची गोळी वेळेवर घ्या.