बेचाळिसाव्या वर्षीचे एकसष्ट गोल

मावळतीचा खेळ : लेखांक ६

पूर्व आफ्रिकेतल्या एशियन स्पोर्ट्स असोसिएशनने १९४७ साली भारतीय हॉकी महासंघाकडे संघ मागितला, तेव्हा एक अटही घातली. ध्यानचंद येणार असतील तरच संघ पाठवा. ध्यानचंद त्या ऑगस्टमध्ये बेचाळीस वर्षांचे झाले होते. बर्लिनचं ऑलिंपिक खेळून अकरा वर्षं लोटली होती. मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली होती, आणि आता नव्या मुलांना पुढे आणायला हवं असं ते स्वतःच म्हणू लागले होते. तरीही ते गेले. संघ २३ नोव्हेंबरला मुंबईत जमला आणि १५ डिसेंबरला मोंबासाला उतरला. कर्णधार अर्थातच ध्यानचंद. दौरा संपला तेव्हा २२ सामन्यांत त्यांच्या नावावर ६१ गोल होते. त्यांच्यापेक्षा जास्त गोल एकाच खेळाडूचे होते, कुंवर दिग्विजयसिंह ‘बाबू’ यांचे, ७०. बाबू तेव्हा पंचवीस वर्षांचे होते.

गेल्या आठवड्यात आपण प्रा. दि. ब. देवधरांबद्दल बोललो. वयाच्या ४८ व्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ धावा काढणारा फलंदाज कसा टिकला असेल, याचं उत्तर क्रिकेटमध्ये थोडं तरी सापडतं. फलंदाजाला एका जागी उभं राहून खेळता येतं. हॉकीत तशी सोय नाही. शिवाय त्या काळी बदली खेळाडू घेण्याची पद्धतही नव्हती. सुरुवातीला मैदानात उतरलेल्यांनीच सामना संपवायचा. मग बेचाळिशीतला सेंटर फॉरवर्ड सामन्यामागे जवळपास तीन गोल कसे करतो? ध्यानचंदांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत ओढणारा प्रश्न हाच आहे. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेकजण बर्लिनला थांबतात. मला त्यांच्या उतारवयातल्या खेळाकडून मागे पाहायचं आहे.

हा लेख मी झाशीतून, बड्या बाजारातून लिहितो आहे. मराठी वाचकाला झाशी म्हटलं की राणी आठवते, आणि ते योग्यच आहे. परकोट्याच्या आतलं हे शहर नारोशंकरांच्या काळापासून दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांनी भरत गेलं. मुरली मनोहराचं मंदिर याच बाजारात आहे, आणि विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ ज्यांनी वाचला आहे त्यांना इथल्या गल्ल्या न पाहताही ओळखीच्या वाटतील. हॉकी मात्र परकोट्याबाहेर वाढली. इंग्रजांची छावणी आणि मुंबईहून दिल्लीकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वे यांच्या आधाराने ती सीपरी बाजाराकडच्या मोकळ्या जागांवर रुजली. तिथलं हीरोज मैदान हे तिचं घर. बड्या बाजारातल्या दुकानांत आजही ‘दद्दा’ म्हटलं की कोणाबद्दल बोलणं चाललं आहे हे विचारावं लागत नाही. ध्यानचंदांना मेजर म्हणतात ते बाहेरचे.

ध्यानचंदांना मी खेळताना पाहिलेलं नाही. आज त्यांच्याबद्दल हिरिरीने वाद घालणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच पाहिलेलं नाही. आमची सगळी भक्ती ऐकीव आणि वाचीव. म्हणूनच ऐकलेल्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, याची जबाबदारी चाहत्यावर जास्त येते. हिटलरने देऊ केलेली बढती, हॉलंडमध्ये लोहचुंबक शोधायला मोडलेली स्टिक, हे किस्से तुम्ही पुष्कळदा ऐकले असतील. मी ते इथे सांगणार नाही. नोंदीत जे आहे तेच इतकं मोठं आहे की त्याला किश्शांची गरज नाही.

नोंद थोडक्यात अशी. जन्म २९ ऑगस्ट १९०५, अलाहाबाद. वडील सैन्यात, कुटुंब झाशीत स्थिरावलं. १९२२ मध्ये ध्यानसिंह या मूळ नावाचा हा मुलगा फर्स्ट ब्राह्मण रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला, आणि तिथे सुभेदार मेजर बाले तिवारींनी त्याला हॉकीची गोडी लावली. १९२६ मध्ये सैन्याच्या संघाबरोबर न्यूझीलंडचा दौरा, २१ पैकी १८ विजय. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम, पाच सामन्यांत १४ गोल, आणि भारतावर एकही गोल नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस, अमेरिकेवर २४-१. त्या सामन्यात धाकटा भाऊ रूपसिंह याचे दहा गोल, ध्यानचंदांचे आठ. १९३५ च्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ४३ सामन्यांत २०१ गोल. आणि १९३६ मध्ये कर्णधार म्हणून बर्लिन.

या सगळ्या सोनेरी यादीतून ध्यानचंदांनी स्वतःचा सर्वोत्तम सामना म्हणून कोणता निवडला? १९५२ मध्ये त्यांचं ‘गोल’ हे आत्मकथन इंग्रजीत पुस्तकरूपाने आलं. त्यात ते निःशंकपणे सांगतात की आपण खेळलेला सर्वोत्तम सामना म्हणजे १९३३ च्या बेटन चषकाची अंतिम लढत, कलकत्ता कस्टम्स विरुद्ध झाशी हीरोज. ऑलिंपिक नाही, परदेश नाही. गावाच्या क्लबसाठी कलकत्त्यात खेळलेला एक देशी सामना.

कस्टम्सचा संघ त्या काळी जबरदस्त होता. शौकत अली, असद अली, डीफहोल्ट्स, सीमन, मोहसीन अशी नावं त्यात होती. झाशीचा संघ तरुण, अननुभवी. रूपसिंह आणि इस्माईल सोडले तर नावाजलेलं कोणी नाही. हा इस्माईल मुंबईला जी.आय.पी. रेल्वेकडून खेळणारा, म्हणजे झाशीच्या त्या विजयात मुंबईचाही वाटा आहे. सामना अटीतटीचा झाला. कस्टम्सवाले चढाईवर चढाई करत होते आणि झाशीवर गोल होणार असं दिसत होतं. तेवढ्यात ध्यानचंद चेंडू घेऊन फळी फोडून निघाले आणि मैदानाच्या मध्यावरूनच त्यांनी इस्माईलला एक लांब पास दिला. इस्माईल अर्धं मैदान धावला. कस्टम्सचा लेफ्ट हाफ आणि गोलरक्षक यांच्यात क्षणभर घोळ झाला, आणि त्या क्षणात इस्माईलने सामन्यातला एकमेव गोल केला. झाशी १, कस्टम्स ०.

ज्या माणसाची ओळखच गोलांच्या आकड्यांनी होते, त्याने स्वतःसाठी निवडलेल्या सर्वोत्तम सामन्यात त्याचा एकही गोल नाही. माझ्या मते त्यांचा सगळा खेळ समजून घेण्याची किल्ली इथे आहे.

हे नीट कळायला त्या वेळचे नियम थोडे समजून घ्यावे लागतात. आज हॉकीत ऑफसाइड नाही. तेव्हा ती फार कडक होती. चेंडू पास होताना पुढे असलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असावे लागत. म्हणजे नुसता वेगवान खेळाडू पुढे पाठवून उपयोग नव्हता. तो पुढे गेलेला असायचा आणि शिट्टी वाजायची. पास सुटण्याचा क्षण आणि साथीदार निसटण्याचा क्षण एकच असायला हवा. तो क्षण ओळखणं हे डोक्याचं आणि मनगटाचं काम, पायांचं कमी. डीमध्ये शिरल्यावरही तेच. गोलरक्षक आपल्याकडे झेपावला की मोकळ्या जागेतल्या भावाकडे चेंडू सरकवायचा, आणि तो भावाला अडवायला वळला की स्वतः मारायचा. लॉस एंजेलिसच्या ३५ गोलांपैकी २५ या दोन भावांचे होते, ते असे. ड्रिबलिंगच्या जादूबद्दल लोक फार बोलतात. चेंडू स्टिकला चिकटायचा हे खरंच. पण किती वेळ चिकटवून ठेवायचा आणि कधी सोडायचा हे त्यांना विलक्षण कळत होतं, आणि ही समज वयाबरोबर घटत नाही. पाय मंदावतात, पण नजर तयार होत जाते. मोंबासाच्या बंदरावर उतरलेल्या बेचाळीस वर्षांच्या माणसाजवळ १९३३ च्या कलकत्त्यातली नजर शाबूत होती. बाबूंचे ७० गोल मोजताना त्यांच्या शेजारी पास देणारा कोण उभा होता हेही म्हणून लक्षात ठेवायला हवं.

बर्लिनबद्दल थोडंच सांगतो, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑलिंपिकपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं. कर्णधार ध्यानचंद हादरले. संघात काय उणं आहे हे त्यांना कळलं आणि भारतातून अली दारा यांना तातडीने बोलावून घेण्यात आलं. पावसाने एक दिवस लांबलेला अंतिम सामना १५ ऑगस्ट १९३६ ला झाला. सामन्याआधी संघाचे साहाय्यक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि सगळ्यांनी त्याला वंदन केलं. मध्यंतराला १-० एवढीच आघाडी होती. उत्तरार्धात ध्यानचंदांनी बूट काढून टाकले, आणि सामना ८-१ असा संपला. त्यात त्यांचे स्वतःचे गोल किती यावर आकडेवारीवाले अजून भांडतात. मला त्यात रस नाही. मला आठवतात ते दारा. अकरा वर्षांनी फाळणी झाली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पाकिस्तानच्या पहिल्या संघाचे कर्णधार हेच दारा होते. ध्यानचंद पुढे ज्या चौदाव्या पंजाब रेजिमेंटमध्ये वाढले, ती पलटणही वाटणीत पाकिस्तानकडे गेली. १९४७ च्या हिवाळ्यात आफ्रिकेला निघालेल्या ध्यानचंदांचे जुने साथीदार, जुनी पलटण, जुना संघ, बरंच काही सीमेपलीकडे विखुरलेलं होतं. वयापेक्षा हे ओझं मोठं असलं पाहिजे.

१९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं झालीच नाहीत. झाली असती तर ध्यानचंद पस्तिशीत आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर खेळले असते, आणि आफ्रिकेतले आकडे पाहता नुसती हजेरी लावायला खेळले नसते. युद्धाच्या अखेरच्या वर्षांत ते सैन्याचा संघ घेऊन मणिपूर, ब्रह्मदेश, सिलोन अशा ठिकाणी सैनिकांपुढे खेळत फिरत होते. उत्तम वर्षांतली एवढी हॉकी आघाडीवरच्या मैदानांवर खर्च झाली, तिची कुठे पदकं नाहीत.

आफ्रिकेहून परतल्यावर त्यांनी स्वतःच गंभीर हॉकी आवरती घेतली. १९४८ च्या ऑलिंपिक संघाविरुद्ध एका प्रदर्शनी सामन्यात ते उतरले. त्यांचा संघ २-१ असा हरला आणि तो एक गोल त्यांचा होता. लंडनला जाऊन पदक आणणाऱ्या मुलांनी म्हाताऱ्या उस्तादाला हरवलं, आणि उस्तादाने तरीही एक गोल चढवला, हा निकाल मला दोन्ही बाजूंनी शोभणारा वाटतो. शेवटचा सामना बंगालविरुद्ध शेष भारताचा. तो बरोबरीत सुटला आणि बंगालच्या हॉकी संघटनेने त्यांचा जाहीर सत्कार केला.

पुढची वर्षं पटकन सांगून संपतात आणि सांगताना मन खट्टू होतं. १९५६ मध्ये सैन्यातून निवृत्ती, त्याच वर्षी पद्मभूषण. मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक. मासे पकडणं आणि स्वयंपाक हे छंद. हॉकीतून पोट भरत नाही म्हणून मुलांनी ती खेळू नये असं त्यांना वाटे, हे त्यांचे चिरंजीव अशोककुमार यांनी स्वतः सांगितलं आहे. त्याच अशोककुमारांनी १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरमध्ये पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करून भारताला विश्वचषक मिळवून दिला. पुढच्याच वर्षी माँट्रियलला कृत्रिम मैदान आलं आणि भारत सातवा आला. ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीच्या एम्समध्ये, जनरल वॉर्डात, ध्यानचंद गेले. अंत्यसंस्कार झाशीला हीरोज मैदानावर झाले, ज्या मैदानाचं नाव घेऊन त्यांनी कलकत्ता जिंकलं होतं.

आता वारसा. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमला त्यांचं नाव आहे, २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन आहे, २०२१ पासून खेलरत्न पुरस्कारही त्यांच्या नावाने आहे. राहिलं ते भारतरत्न. १६ नोव्हेंबर २०१३ ला सचिन तेंडुलकर वानखेडेवर निवृत्त झाला आणि त्याच दिवशी त्याला भारतरत्न जाहीर झालं, तेव्हा बड्या बाजारातल्या मराठी घरांची मोठी ओढाताण झाली. सचिन आपला, आणि दद्दाही आपलेच. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की सचिनचा मान रास्त होता आणि ध्यानचंदांना तो त्याआधी मिळायला हवा होता. या दोघांना एकमेकांपुढे उभं करणाऱ्यांनी एवढं आठवावं, की एकदिवसीय क्रिकेटमधलं सचिनचं द्विशतक, २४ फेब्रुवारी २०१० चं, झाशीपासून जवळच असलेल्या ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर झालं. रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचा तोच इनसाइड लेफ्ट, अमेरिकेवर दहा गोल करणारा धाकटा भाऊ.

भारतरत्न उद्या मिळो न मिळो, आपल्या हातात असलेलं एक काम मात्र राहून गेलं आहे. त्यांचं नाव आपण सगळीकडे दिलं, त्यांचा खेळ समजावून सांगायचं विसरलो. शाळेतल्या मुलाला चुंबकाची गोष्ट माहीत असते; इस्माईलला दिलेला पास माहीत नसतो. तुमच्या घरात कोणी हॉकी खेळत असेल तर त्याला १९३३ चा तो सामना सांगा. आणि राणीचा किल्ला पाहायला झाशीला आलात, तर रिक्षा करून हीरोज मैदानावरही या. दद्दांची समाधी तिथे आहे.

पुढच्या आठवड्यात : खडकीचे धनराज पिल्ले, चार ऑलिंपिक आणि अथेन्समधला निरोप.