सुट्टी संपल्यावरचे पक्षी

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या पक्ष्यांविषयी गेल्या दीडशे वर्षांत जे लिहिले गेले ते सलग वाचायला घेतले, तर पक्ष्यांच्या आधी माणसांच्या सुट्ट्यांचे वेळापत्रक नजरेत भरते. डोंगरमाथा ठळक, पायथा पुसट. दिवाळी, नाताळ आणि मे महिना भरगच्च, आषाढ-श्रावण जवळजवळ कोरे. आषाढात इथे पक्षी नसतात असे यावरून कुणी म्हणणार नाही. पण आषाढात पाहणारे नसत, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते. इथली पक्ष्यांची नोंदवही सुट्टीवर आलेल्यांनी लिहिली आहे आणि ती तशीच वाचायला हवी, असे माझे म्हणणे आहे. तिच्यातले आकडे खोटे नाहीत, पण एखादा पक्षी वाढला की घटला, आला की गेला, हे तिच्यावरून ठरवताना त्या दिवशी पाहणारा होता कुठे हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

१८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानवर चढले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे बंगले उभे राहिले. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू होईपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाला खोपोलीला उतरून पालखी नाही तर गाडी धरावी लागे. म्हणजे सात वर्षे मुंबईचा शिकलेला, बंदूक आणि वही बाळगणारा प्रवासी खालापूरच्या मातीवर पाय ठेवत होता. त्याचे मन मात्र वर खंडाळ्याला लागलेले असे. जे. वाय. स्मिथ यांचे १८७१ चे पुस्तक माथेरानवर आहे, त्यात माणसे, वनस्पती, प्राणी सगळे आले. अहमदनगरचे अमेरिकन मिशनरी फेअरबँक यांनी १८७६ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात पक्ष्यांची यादी छापली, ती खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर परिसराची. खंडाळ्याच्या कड्यावरून ज्या शेतांकडे बघतात, त्या शेतांचे नाव तिच्या शीर्षकात नाही. १९०७ मध्ये नेरळहून माथेरानची छोटी गाडी सुरू झाली आणि वर जाणे आणखी सोपे झाले. थंड हवेच्या ठिकाणाचा हंगाम ठरलेला होता: पाऊस ओसरल्यावर यायचे आणि मृगाच्या आत खाली उतरायचे. आजही नेरळ ते अमन लॉज हा गाडीचा टप्पा पावसाळ्यात बंद असतो.

नेमके तेव्हाच इथले सर्वांत मोठे नाट्य सुरू होते. मेच्या शेवटी, जूनमध्ये नवरंग येतो. दोन सुरांची त्याची शीळ सकाळ-संध्याकाळ रानातून ऐकू येते, इथेच तो घरटे करतो आणि पाऊस संपल्यावर दक्षिणेकडे परततो. तिबोटी खंड्या ओहोळाकाठच्या दरडीत, पहिल्या सरींनी माती मऊ झाली की बीळ खोदतो आणि पिलांना बेडकुळ्या, सापसुरळ्या, खेकडे भरवतो. शीळकरी कस्तूर धबधब्यांच्या आवाजावर मात करून गातो. भाताच्या खाचरांवर सुगरणींच्या वसाहती डोलू लागतात. हंगामी पाहुण्याच्या वहीत यातले काय उतरणार? विसाव्या शतकातही ही पोकळी भरली नाही. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची जी लेखमाला लिहिली ती आजही आधार मानली जाते, पण साष्टीची हद्द खाडीला संपते. पश्चिमेला मुंबईची यादी, पूर्वेला घाटमाथ्याची, आणि मधले उल्हास-पाताळगंगेचे खोरे रेल्वेच्या खिडकीतून दिसते तेवढेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मग सुट्टीतले पक्षीनिरीक्षण म्हणजे वरवरची हौस. तिच्यावर एवढा विचार कशाला? या आक्षेपाला रायगड जिल्ह्यातच उत्तर आहे. किहीम हे अलिबागजवळचे किनाऱ्यावरचे गाव, मुंबईकर कुटुंबांच्या सुट्टीचे. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीहून परतले तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. नोकरी नव्हती, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत हाताशी होती आणि घाईने मुंबईला परतायचे कारण नव्हते. त्या मुक्कामात त्यांनी जे पाहिले ते १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आले. विणकाम नर करतो. भाताच्या किंवा गवताच्या पात्याला तो कडेला चोचीने चीर पाडतो, ती धरून उडतो आणि लांब धांदोटी सोलून नेतो. घरटे अर्धे, म्हणजे शिरस्त्राणासारखे उलटे आणि मधे एक आडवी दांडी एवढे झाले की थांबतो. मग मादी येते, दांडीवर बसते, ओढून-चाचपून बघते. पसंत पडले तर राहते, नाहीतर सरळ निघून जाते आणि ते अर्धे घरटे तसेच लटकत राहते. पसंत पडलेले घरटे नर पूर्ण करतो, खाली नळी विणतो. मादी अंड्यांवर बसली की शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसरीची वाट पाहतो. त्याआधी सुगरणींच्या संसाराविषयी गोड कल्पनाच जास्त होत्या. आता यात महत्त्वाचे काय, विद्वत्ता की मुक्काम? विद्वत्ता होतीच. पण हीच माणसे, हेच घर, फक्त नाताळात आठ दिवस, असे असते तर ‘किहीमला सुगरणींची रिकामी घरटी दिसली’ एवढीच नोंद झाली असती. सुट्टीच्या घरात दोष नाही, सुट्टी संपण्याच्या तारखेत आहे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. या दोन तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि कातकरी पिढ्यान्‌पिढ्या राहतात; पावसाळ्यातला रानातला कुठला आवाज कोणाचा हे त्यांना कुणी शिकवावे लागत नाही. मग कोरी पाने कुणाची? छापणाऱ्यांची, जाणणाऱ्यांची नव्हे. हे खरेच आहे, आणि जुन्या संग्राहकांना पक्षी, घरटी दाखवणाऱ्या हातांची नावे बहुधा छापली गेली नाहीत हेही खरे आहे. तरी एक अडचण उरते. कोणता पक्षी कुठे, कधी, काय खातो, हे मौखिक ज्ञान पक्के सांगते. चाळीस वर्षांपूर्वी तो किती होता हे तिथून काढणे कठीण जाते, कारण मोजणे हा त्या ज्ञानाचा हेतूच नव्हता. घट सिद्ध करायला जुनी संख्या लागते. ती ना बंगल्यातल्या साहेबाने लिहिली, ना पाड्यावरच्या माणसाला कुणी विचारली.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः गेल्या चार-पाच दशकांत, चित्र बदलले, पण वेळापत्रकाचा पगडा सुटला नाही. १९६८ मध्ये शेजारच्या पनवेल तालुक्यात कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक बाजूला पडून दुर्बीण आली, १९८५ च्या भीमाशंकर अभयारण्यात कर्जतच्या बाजूचे रानही आले. पुढे द्रुतगती मार्ग झाला आणि शनिवार-रविवारसाठी कर्जत-खालापूर हे मुंबईचे आणि पुण्याचेही अंगण झाले. पाहणारे शेकड्यांनी वाढले. मात्र मोजणीचे ठरलेले दिवस बघा. पाणपक्ष्यांची आशियाई गणना जानेवारीत, परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना फेब्रुवारीत, आणि २०२० पासून महाराष्ट्र शासनाचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. निमित्त सुंदर आहे, तक्रार नाही. पण सुगरणींचे विणकाम तोवर केव्हाच आटोपलेले असते. आज पावसाळ्यात इथे माणूस येत नाही असे नाही, उलट झुंडीने येतो. तो धबधब्यासाठी येतो, आणि काही ठिकाणी एवढा की दरवर्षी प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. उरलेले कॅमेरे तिबोटी खंड्याच्या बिळासमोर लागतात. चोचीत सापसुरळी धरलेला पक्षी बिळात जायला कचरतो, कारण समोर माणसे बसलेली असतात; छायाचित्र मात्र अप्रतिम येते. अनेक छायाचित्र स्पर्धांनी घरट्यावरचे फोटो नाकारायला सुरुवात केली ते उगीच नाही. पावसाळ्याची जागा भरली ती अशी, एकाच पक्ष्याच्या हजार चित्रांनी, आणि किती जोड्या, किती पिले, याचा हिशेब तरीही नाही.

इथे सुट्टीची घरे बांधणाऱ्या फार्महाऊसवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही उजाड माळावर झाडे लावली, तळी खोदली, पक्षी वाढले. मोरबे धरणाचे पाणी आले, तिथे पाणपक्षी आले. हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न कोणते पक्षी वाढले हा आहे. बुलबुल, शिंजीर, दयाळ, कोकिळा यांना बाग आवडते आणि ते बागेत येणारच. पण ज्याला सातबाऱ्यावर वरकस म्हणतात ती गवताळ उतरंड आणि भातकापणीनंतरची मोकळी खाचरे ही चंडोल, तिरचिमणी, लावा यांची जागा. तिला कुंपण पडून हिरवळ आणि नारळ आले की हे पक्षी मुकाट्याने निघून जातात. झाड तोडले की ओरड होते; माळावर झाड लावले तर कुणीच ओरडत नाही. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाचा देशभरचा सूर हाच आहे: कोकिळा, मोर, पारवा यांच्यासारखे जुळवून घेणारे पक्षी बरे चालले आहेत, मोकळ्या माळांवरचे घसरत आहेत. हिवाळ्यात तारेवर बसून खाचरात झेप घेणारा नीलपंख आपल्याला नेहमीचा वाटतो. त्याची धोकापातळी पुन्हा तपासावी अशी शिफारस ज्या चौदा जातींसाठी त्या अहवालाने केली, त्यांत तो आहे. हा निष्कर्ष निघाला तो हजारो हौशी लोकांनी टाकलेल्या याद्यांतून, त्यातले बरेच सुट्टीवर गेलेले. मात्र देशाच्या पातळीवर चुका एकमेकींना झाकतात. एका तालुक्यापुरते बघायला गेले की त्या उघड्या पडतात.

म्हणून कर्जत-खालापूरपुरते बोलायचे तर अधिक दुर्मीळ पक्षी सापडण्याची गरज नाही. चौकच्या खाचरांवरची, नेरळच्या ओढ्याकाठची किंवा खांडसच्या पायथ्याची एकच जागा, दर आठवड्याला तेवढाच वेळ, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, साळुंकी-बगळ्यांसकट मोजलेली, अशा याद्या लागतील. शनिवारी येणाऱ्या कुटुंबाला हे एकट्याने जमणार नाही. पण ज्या घरात हे कुटुंब बारमाही माळी किंवा राखणदार ठेवते, त्या घरात ते सहज जमू शकते, आणि तो राखणदार बहुधा जवळच्याच वाडीचा असतो. पनवेल-कर्जत नव्या उपनगरी मार्गाचे काम सुरू आहे. लोकल धावू लागली की चौक, मोहोपे भागातली वरकस किती दिवस वरकस राहील हे सांगायला ज्योतिषी नको. तिथे आज श्रावणात कोण घरटे करते याची मोजणी रूळ वापरात येण्याआधीच्या एक-दोन पावसाळ्यांतच होऊ शकते.