मागे कॅरॅव्हॅन, डिकीत कुत्री : ब्रिटनमधला हिशेब

- ओढक्षमता म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते. पेलोड वेगळा: गाडीने स्वतःच्या अंगावर पेलायचा भार. माणसं, सामान, कुत्री आणि हुकवर टेकणारा कॅरॅव्हॅनचा भारही त्यातच धरायचा. दोन प्रौढ लॅब्राडॉर म्हणजे सुमारे ६० किलो, पिंजरा वेगळा.
- हुकवरचा भार: साधारणपणे भरलेल्या कॅरॅव्हॅनच्या ५ ते ७ टक्के. कमी पडल्यास ती मागे झुलू लागते.
- ८५ टक्के: भरलेली कॅरॅव्हॅन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या एवढ्याच टक्क्यांत असावी. नवशिक्यांसाठीचा सल्ला, कायदा नव्हे.
- परवाना: १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार-परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर.
- वेग: मोटरवेवर ताशी ६० मैल, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ५०.
- कुत्री: हायवे कोड, नियम ५७. हार्नेस, पिंजरा किंवा जाळी.