नेपियर गवत उंच वाढलं म्हणजे चारा चांगला झाला का?

नेपियर डोक्याच्या वर गेलं की चारा भरपूर दिसतो. मग जनावरं त्याची पानं खाऊन जाड धांडे गव्हाणीत का सोडतात?

कारण वयाबरोबर गवताचं वजन वाढतं, पण पानं कमी आणि धांडा जास्त होतो. धांड्यात लिग्निन साठून तो लाकडासारखा कडक होतो. प्रथिनं घटतात, पचनही अवघड होतं. ढीग मोठा, पोषण कमी. ही तूट मग विकतच्या पेंडीने भरून काढावी लागते.

मग अगदी कोवळं कापावं का? तेही नको. त्यात पाणी जास्त असतं, त्यामुळे सुका चारा कमी भरतो. ऑक्झलेटही जास्त असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं, म्हणून जनावराला कॅल्शियम कमी मिळतं. शिवाय वारंवार कापलं तर ठोंब अशक्त होतात.

सोपा हिशोब असा: लागवडीनंतर साधारण ६० ते ७० दिवसांनी पहिली कापणी, पुढच्या ४० ते ५० दिवसांच्या अंतराने. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा थोडं थांबा. जमिनीपासून सुमारे १५ सेंटिमीटर वर कापा, म्हणजे नवे फुटवे जोमाने येतात.

आणि सगळं एकदम कापू नका. रोज लागेल तेवढाच पट्टा कापला, तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत पोहोचता पोहोचता पहिला पुन्हा तयार होतो.