ओल बाहेर, भाकरी आत

उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, ट्राउटबेक गावात, टाउनएंड नावाचं शेतकऱ्याचं एक घर आहे. १६२६च्या सुमारास उभं राहिलेलं हे घर १९४३पर्यंत ब्राउन घराण्याकडेच होतं. अशा स्वतंत्र बाण्याच्या कास्तकारांना तिकडे ‘स्टेट्समन’ म्हणत. घर समजून घ्यायचं तर आधी तिथला पाऊस ध्यानात घ्यावा लागतो. त्याला चार महिन्यांची हद्द नाही, तो वर्षभर येतो.

भिंती आसपासच्याच ओबडधोबड दगडांच्या, चांगल्या जाड. वर चुन्याचा गिलावा आणि सफेदी. चुना ओल धरतो आणि ऊन-वारा मिळताच सोडूनही देतो. अशा भिंतीला सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचीही अशीच नासाडी होताना पाहून जीव तुटतो. छप्पर पाटीच्या दगडाचं. वळचणीला मोठे तुकडे, आढ्याकडे लहान होत जाणारे, कारण छपरावरचं पाणी खाली येता येता वाढत जातं. धुराडी गोल, कारण या खडबडीत दगडातून नेटका कोपरा काढणं कठीण. कवी वर्डस्वर्थला या गोल धुराड्यांचं फार कौतुक होतं.

आत घराचे दोन भाग. ‘डाउनहाउस’ म्हणजे स्वयंपाकाची, धुण्याची, राबण्याची जागा. ‘फायरहाउस’ म्हणजे चुलीभोवती बसायची खोली. घराचा जीव या दुसऱ्या खोलीत. या भागातल्या घरांत इथेच कोरीव ओकचं भाकरीचं कपाट असे. भाकरी ओटच्या पिठाची. ‘क्लॅपब्रेड’ हे तिचं नाव, कारण ती हातानं थापून पातळ करत. १६९८मध्ये घोड्यावरून फिरणाऱ्या सेलिया फाइन्स या बाईंनी ती करण्याची रीत बारकाईनं लिहून ठेवली आहे. ही कडक भाकरी कोरडी राहिली तर पुष्कळ दिवस टिकते. मग तिची जागा शेकोटीच्या उबेत, ओकच्या दाराआड, हे ओघानंच आलं. ज्या गावात सगळं भिजतं तिथे सगळ्यात सुंदर नक्षी भाकरीच्या वाट्याला आली, हे मला फार भावतं.

रस्त्यापलीकडे कोठार आहे, उताराचा फायदा घेणारं. चढाच्या बाजूनं गवताची गाडी थेट माळ्यावर जाते, खाली गोठा. गुरांना वैरण घालायची तर ती वरून नुसती खाली ढकलायची.