फरशीला तडा, पण कुठला?

संगणकावरच्या खेळात पडका किल्ला उभा करायचा, तर चित्रकाराचा घाम सगळ्यात जास्त गळतो तो जमिनीवर. वरून पाहायच्या नकाशात बुरूज, भिंती कडेला राहतात. खेळाडूच्या डोळ्यांपुढे अखंड असते ती फरशी. ती कोरी करकरीत ठेवली तर पडझड खरी वाटत नाही, आणि एकेक तडा हाताने काढायला बसलं तर काम कधी उरकायचं? म्हणून ब्रश. डिजिटल ब्रश म्हणजे मुळात रबरी शिक्काच. करड्या चित्रातला काळा भाग रंग उमटवतो, पांढरा काहीच उमटवत नाही.

तयार ब्रश ढिगाने मिळतात. फोटोशॉपचे एबीआर फाइलमध्ये, गिंपचे जीबीआरमध्ये. क्रिता हे फुकट सॉफ्टवेअर दोन्ही उघडतं. एबीआरमधून मात्र ठसा तेवढा येतो, पेनाच्या दाबाच्या सेटिंग्ज येत नाहीत. परवाना आधी वाचावा. सीसी-झिरो असेल तर बिनधास्त वापरा, सीसी-बाय असेल तर कर्त्याचं नाव द्या, ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असेल तर विकायच्या खेळात तो ब्रश नकोच.

पण फुकटच्या ब्रशांत एक घोटाळा वारंवार दिसतो: वाळलेल्या चिखलाच्या भेगा खुशाल दगडी फरशीवर उमटवलेल्या असतात. धाराशिवच्या माणसाला तो चटकन कळावा. मे महिन्यात इथलं काळं रान बघा. माती वाळून आकसते, पहिली भेग लांबवर पळते आणि नंतरची तिला काटकोनात येऊन भिडते. पुन्हा पुन्हा भिजून वाळत गेलं की ते कोन १२० अंशांकडे झुकतात आणि षटकोनी जाळं दिसू लागतं. हेच जाळं नळदुर्गच्या किल्ल्यात कसं शोभेल? तिथला दगड घडीव बेसाल्ट. चिऱ्यातला तडा बहुधा सांध्यापाशी थांबतो, नाहीतर सांध्यासांध्याने वाट काढतो. चुना आधी सुटतो आणि त्या फटीत गवत रुजतं. घरातल्या शहाबादी फरशीची तऱ्हा तिसरीच. खाली पोकळी राहिली आणि वर वजन पडलं की कोपरा तिरका तुटतो, वरचा पापुद्राही सुटतो.

तेव्हा ब्रश आपला आपण करावा; माल दाराशीच पडलेला आहे. मोबाइल फरशीला समांतर धरून सावलीत किंवा ढगाळ हवेत फोटो काढायचा. उन्हात काढलेल्या फोटोत तड्याच्या कडेला सावली येते, आणि ती ठशात शिरली की सगळं बिघडलं. कारण ठसे एकसारखे दिसू नयेत म्हणून ब्रश त्यांना फिरवत जातो. मग एका तड्यावर ऊन पूर्वेचं, शेजारच्यावर पश्चिमेचं. एका दालनात दोन सूर्य! ठशात फक्त काळी रेघ ठेवावी. कडेची उजळ रेघ नंतर वेगळ्या लेयरवर, सगळीकडे एकाच बाजूने.

फोटो करडा करून ‘लेव्हल्स’ एवढे ताणायचे, की दगडाचा पोत पुसला जाऊन तडा तेवढा उरेल. पुढचं काम किरकोळ: फोटोशॉपमध्ये ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’, गिंपमध्ये जीबीआर म्हणून एक्स्पोर्ट. माझं मत विचाराल तर गिंपचा जीआयएच प्रकार धरावा. त्यात एकाच ब्रशमध्ये अनेक ठसे भरता येतात. तोच तडा तिसऱ्यांदा दिसला की डोळा चोरी पकडतोच. ‘स्पेसिंग’ही वाढवायला हवं, नाहीतर ठसे एकमेकांवर चढून नुसता काळा पट्टा उमटतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणला, तेव्हा देशी कोट-महाल खेळात किती खुलतात हे दिसलंच. नळदुर्गचा पाणी महाल तर असा नकाशा होण्याच्या लायकीचा आहे: बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात दालन, पावसाळ्यात डोक्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे. तो काढायला घेतलात, तर ओलीकडचे तडे काळे ठेवू नका. ठसा तोच चालेल, रंग तेवढा शेवाळी घ्या.