'जर–तर'चे कोष्टक

शिष्यवृत्तीच्या अर्जावर दोन अटी छापलेल्या असतात. त्या दोहोंमध्ये 'आणि' आहे की 'किंवा', यावर एखाद्या मुलाचे पुढील शिक्षण अवलंबून राहते. 'आणि'ने जोडलेले विधान दोन्ही अंगे सत्य असतील तरच सत्य. 'किंवा'ला एक अंग पुरते, आणि दोन्ही सत्य असली तरी तर्कशास्त्रातील 'किंवा' बिघडत नाही. 'चहा घेणार किंवा कॉफी?' असे विचारणाऱ्या गृहिणीचा 'किंवा' मात्र निराळा!

दोन विधानांच्या सत्यासत्यतेच्या जोड्या चारच होतात. त्या एकाखाली एक मांडून प्रत्येकीपुढे जोडविधानाचे मूल्य लिहिले की सत्यता-कोष्टक तयार होते. जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा जॉर्ज बूल याने १८४७ साली तर्काला बीजगणिताचे रूप दिले. ही कोष्टके रूढ झाली ती १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या विट्गेन्श्टाइन आणि पोस्ट यांच्या लेखनामुळे.

विद्यार्थी खरे अडखळतात ते 'जर–तर'पाशी. न्यायशास्त्रातील जुनेच उदाहरण घेऊ: जर धूर असेल, तर अग्नी असतो.

धूर आहे | अग्नी आहे | जर धूर, तर अग्नी
सत्य | सत्य | सत्य
सत्य | असत्य | असत्य
असत्य | सत्य | सत्य
असत्य | असत्य | सत्य

पहिली ओळ म्हणजे स्वयंपाकघरातील चूल, शेवटची म्हणजे सरोवर. तिसरी? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा: अग्नी आहे, धूर नाही. त्याने विधान खोटे पडत नाही, कारण धूर नसताना काय असेल याविषयी विधानाने शब्दच दिलेला नव्हता. शब्द मोडतो तो केवळ दुसऱ्या ओळीत. (नैयायिकांची व्याप्ती सर्व स्थळांविषयी बोलते, कोष्टकाची ओळ एकाच स्थळाविषयी, हा भेद विसरू नये.)

आमच्या कोंकणीत 'पावस पडलो जाल्यार' असे म्हणतात. 'जर' आरंभी न येता 'जाल्यार' मागून येते. कोष्टकाला त्याचे सोयरसुतक नाही.

या तिसऱ्या ओळीचा विसर पडला की अनर्थ होतो. 'पुस्तक चोरले असेल, तर मुलगा घाबरेल. हा घाबरला आहे. तेव्हा चोर हाच.' पहिले विधान खरे मानले तरी निष्कर्ष निघत नाही. मुलगा बुजरा असेल, गृहपाठ राहिला असेल, नुसत्या चौकशीनेही त्याला कापरे भरले असेल. घाबरणे आहे आणि चोरी नाही, असे होण्यास कोष्टकात जागा आहे. म्हणून एवढ्या पुराव्यावर कोणाच्या माथी आळ घेता येत नाही. उलट मार्ग मात्र निर्दोष आहे: अग्नी नसेल, तर धूर नाही.

नकाराचीही एक गंमत आहे. मदुराई येथे १८०६ साली जन्मलेल्या ऑगस्टस डी मॉर्गन याच्या नावाचा नियम सांगतो की 'दोन्ही अटी पूर्ण आहेत' हे नाकारणे म्हणजे 'दोन्ही अपूर्ण आहेत' असे नव्हे. निदान एक अपूर्ण आहे, एवढेच. वहीच्या चार ओळींत हे पडताळून पाहता येते. तीन विधाने घेतल्यास मात्र आठ ओळी आखाव्या लागतील.